नऊची शाळा की सहाची? न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने प्राथमिक शाळा कशी निवडली

पार्श्वभूमी

मे २०२२ मधली गोष्ट. रविवारची मराठी शाळा सुटली होती. मुलांचं नाव घालायच्या चौकशीसाठी आलेल्या एका बाबांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "ताई, तुम्ही इथल्या शाळांमध्ये शिकवलंय असं कळलं. पाच मिनिटं बोलायचं होतं." त्यांच्या फोनवर टाउनशिपचा, म्हणजे इथल्या गावाचा, नकाशा उघडा होता. त्यावर पाच शाळांचे पाच ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यावर त्या शाळेला दहापैकी मिळालेलं रेटिंग.

मी या गावात सतरा वर्षं राहते. माझी दोन्ही मुलं इथेच शिकली. मी स्वतः काही वर्षं इथल्या प्राथमिक शाळांमध्ये सब्स्टिट्यूट टीचर (बदली शिक्षिका) म्हणून गेले, त्यामुळे पाचही इमारती आतून पाहिल्या आहेत. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं, टाउनशिप आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकले आहेत. शाळांना 'अ', 'ब', 'क' म्हटलं आहे. उरलेल्या दोन शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, त्यामुळे त्यांचा विचार झाला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. इथला 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. न्यू जर्सी हे लहानसं राज्य, पण तिथे सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बरेचसे एकेका गावापुरते आहेत. बहुतेक ठिकाणी लोक शिक्षण मंडळ निवडून देतात आणि मंडळ सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमतं. घरमालक जो प्रॉपर्टी टॅक्स भरतात, त्यातला राज्यभराच्या सरासरीने निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांकडे जातो. गावात पाच प्राथमिक शाळा असल्या तरी मूल कुठे जाईल हे घराच्या पत्त्यावरून ठरतं. त्याला इथे सगळे 'झोन' म्हणतात. म्हणून शाळा निवडायची म्हणजे खरं तर घर निवडायचं.

बाबा फेब्रुवारीत कंपनीच्या बदलीवर पुण्याहून एकटे आले होते. ते रोज नॉर्थईस्ट कॉरिडॉर या रेल्वेमार्गाच्या गाडीने न्यूयॉर्कला जायचे. आई आणि दोन मुलं जूनअखेर येणार होती. थोरली सप्टेंबरमध्ये तिसरीत बसणार होती, धाकटा किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. थोरली पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकत होती. धाकट्याचं मात्र सगळं मराठीत चाललं होतं. आजी-आजोबांजवळ वाढलेला, आणि दोन वर्षं बालवाडीच टाळेबंदीत गेलेली. आई पुण्यात बँकेत नोकरी करत होती, इथे व्हिसामुळे तिला घरी बसावं लागणार होतं. गाडी चालवायचा इथला परवाना तिच्याकडे नव्हता.

अडचण

बाबांच्या वन बेडरूम अपार्टमेंटचं लीज ३१ जुलैला संपत होतं. त्याच कॉम्प्लेक्समध्ये टू बेडरूम २,१०० डॉलर महिना भाड्याने मिळत होतं. ते 'क' शाळेच्या झोनमध्ये होतं आणि 'क'चं रेटिंग ६ होतं. दोन मैलांवर एक टाउनहाऊस (आपल्याकडच्या रो हाऊससारखं घर) २,९५० ला होतं. ते 'अ'च्या झोनमध्ये, रेटिंग ९. फरक महिन्याला ८५० डॉलरचा, वर्षाला १०,२०० चा.

ऑफिसातल्या मित्रांचं म्हणणं एकच होतं: मुलांच्या शिक्षणात काटकसर नको. आईचा पुण्याहून रोज रात्री फोन यायचा, आणि तिने तो आकडा तिथे बसून पाहिला होता. "सहा म्हणजे साठ टक्के ना? साठ टक्क्यांच्या शाळेत का घालायचं मुलांना?" हा प्रश्न मला अगदी समजतो. आपण टक्क्यांवर वाढलेली माणसं. टाउनहाऊसच्या मालकाने उत्तरासाठी दहा दिवस दिले होते.

पहिला निर्णय : त्या आकड्यावर किती विसंबायचं

मी बाबांना आधी एवढंच विचारलं, की हा नऊ आणि सहा कशातून आला ते पाहिलंत का? नव्हतं पाहिलं. बहुतेक कोणी पाहत नाही, कारण घरं शोधायच्या संकेतस्थळावर तो घराच्या फोटोखाली आयताच दिसतो.

प्राथमिक शाळेच्या अशा अंकाचा मुख्य आधार राज्याची परीक्षा असतो. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार, आणि त्याआधी २००२ पासूनच्या कायद्यानुसार, तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची परीक्षा दरवर्षी घ्यावी लागते. न्यू जर्सीत तिला एनजेएसएलए म्हणतात. तेव्हा गुण ६५० ते ८५० मध्ये असायचे आणि ७५० किंवा जास्त मिळाले की मूल अपेक्षित पातळीला पोचलं असं धरायचे. म्हणजे किंडरगार्टन, पहिली आणि दुसरी यांची राज्य परीक्षा नाहीच. धाकट्याची पहिली तीन वर्षं ज्या शिक्षकांच्या हाताखाली जाणार होती, त्यांच्याबद्दल तो अंक थेट काहीच सांगत नव्हता.

दुसरी गोष्ट त्या वर्षापुरती होती, पण तिच्यामुळेच बाबांचं मत हललं. कोविडमुळे ही परीक्षा २०२० आणि २०२१ च्या वसंतात झालीच नाही. आम्ही मे २०२२ मध्ये बोलत होतो, तेव्हा हातात असलेले शेवटचे निकाल २०१९ चे होते. मी कागदावर मांडून दाखवलं: २०१९ ला जे मूल तिसरीत होतं ते आता सहावीत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये. चौथी-पाचवीतली तर त्याच्याही पुढे गेलेली. शाळा पाचवीपर्यंतची. ज्यांच्या गुणांवर तो नऊ आणि तो सहा उभा होता, त्यातलं एकही मूल आता त्या इमारतीत नव्हतं.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी घरी हिला कसं समजावू?"

त्याच रात्री आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बसलो आणि राज्याच्या शिक्षण खात्याचे स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडले. प्रत्येक सरकारी शाळेचा अहवाल कोणालाही फुकट पाहता येतो. आम्ही २०१८–१९ चे घेतले, कारण त्यात वाढीचा आकडा होता. न्यू जर्सी प्रत्येक मुलाची तुलना आधी साधारण तितकेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांशी करते आणि ते मूल त्यांच्यात कुठे आलं ते १ ते ९९ मध्ये सांगते. शाळेतल्या अशा सगळ्या मुलांचा मध्यांक, म्हणजे बरोबर मधला आकडा, काढला की शाळेने हाती आलेल्या मुलांना किती पुढे नेलं याचा अंदाज येतो. 'अ' आणि 'क' दोन्हींचा मध्यांक पन्नाशीच्या आसपास होता. गणितात 'क' थोडी वरच होती.

हे एका गावापुरतं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे निकाल तपासले, तेव्हा तिसरीतली मुलं कुठल्या पातळीवर आहेत आणि तिसरी ते आठवीत ती किती शिकतात यांचा फारसा संबंध दिसला नाही. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांनी त्या पाच वर्षांत सरासरी सहा वर्षांइतकी मजल मारली होती. तिसरीच्या गुणांत घरचं शिक्षण, उत्पन्न, बालवाडी, भाषा हे सगळं मिसळलेलं असतं. जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या सरकारी अहवालापासून हे वारंवार मांडलं गेलं आहे.

'अ'च्या झोनमध्ये जवळजवळ सगळी स्वतःची घरं. 'क'च्या झोनमध्ये तीन मोठे अपार्टमेंट कॉम्प्लेक्स. तिथे नुकती आलेली कुटुंबं राहतात: तेलुगू, गुजराती, स्पॅनिश, चिनी, अरबी बोलणारी. बरीच मुलं वर्षाच्या मध्यात येतात आणि मध्यातच जातात. 'क'मध्ये एका इयत्तेत साधारण ७० मुलं. त्यातली पाच मुलं अपेक्षित पातळीच्या वर किंवा खाली गेली की त्या इयत्तेचा आकडा सात टक्क्यांनी हलतो.

शिवाय शाळा एकाच डिस्ट्रिक्टच्या. अभ्यासक्रम, पुस्तकं, सुपरिंटेंडेंट, सगळं तेच. शिक्षकांचा पगार युनियनच्या करारातल्या तक्त्यानुसार, अनुभव आणि पदवी पाहून ठरतो, शाळा पाहून नाही. आणि पाचवीनंतर 'अ' आणि 'क'ची मुलं एकाच मिडल स्कूलमध्ये जातात.

इथे मी थोडी थांबले, कारण माझा कल माझ्या लक्षात आला होता. 'क'मध्ये मी सर्वांत जास्त दिवस शिकवलं आहे. ती शाळा मला आवडते. म्हणून मी बाबांना सांगितलं, की हे सगळं ऐकून 'क'च चांगली असं समजू नका. हाताशी असलेले आकडे या दोन शाळांतला फरक ठरवायला पुरेसे नाहीत, एवढंच त्यातून निघतं. आता मुलांकडे पाहून ठरवायचं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय टाउनहाऊसचा, 'अ'चा. घर मोठं, शाळा नऊवाली, आणि पीटीए (पालक-शिक्षक संघ) भक्कम. शाळा सुटल्यावर रोबोटिक्स, बुद्धिबळ, वसंतात नाटक. हे सगळं पालकांनी जमवलेल्या पैशांवर चालतं, आणि ते खरंच चांगलं चालतं. मी ते पाहिलं आहे.

दुसरा पर्याय 'ब'. स्टेशनजवळची जुनी शाळा, रेटिंग ७, शाळेत चालत जाता येईल असा भाग. पण तिच्या झोनमध्ये भाड्याचं घर त्या महिन्यात एकच होतं आणि तेही तळघरातलं. तो पर्याय दोन दिवसांत गळाला.

तिसरा पर्याय आहे तिथेच राहण्याचा, 'क'चा.

चौथा पर्याय ऑफिसातल्या एकाने सुचवला: राहायचं अपार्टमेंटमध्ये आणि पत्ता 'अ'च्या झोनमधल्या मित्राचा द्यायचा. मी स्पष्ट नको म्हटलं. रहिवासाचे पुरावे खोटे द्यावे लागतात, तपासणी होते, आणि उघडकीला आलं की मुलाला भर वर्षात शाळा बदलावी लागते. आठ वर्षांच्या मुलीला घरचा पत्ता खोटा सांगायला शिकवायचं, हे मला कुठल्याही रेटिंगसाठी पटणारं नव्हतं. बाबांनाही पटलं नाही.

पैशांबद्दल एक गोष्ट इथे सांगते, कारण टाउनहाऊसचं वाढीव भाडं कशाचं होतं ते त्यावरून कळतं. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतल्या घरांच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच डिस्ट्रिक्टमधली, पण दोन प्राथमिक शाळांच्या झोनच्या सीमेवर अल्याड-पल्याड असलेली घरं त्यांनी ताडून पाहिली. परीक्षेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूला लोक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजत होते. रस्ता तोच, गाव तेच. जास्तीचे पैसे गुणांसाठी, आणि त्या गुणांतला बराच वाटा शेजाऱ्यांच्या परिस्थितीचा.

दुसरा निर्णय : काय विचारायचं, कुणाला

बाबांनी दोन्ही शाळांच्या ऑफिसला फोन लावले. प्रश्न आम्ही आदल्या रात्री लिहून काढले होते. इंग्रजी न येणाऱ्या किंडरगार्टनच्या मुलाला मदत कोण करतं, रोज की आठवड्यातून काही दिवस? बस मिळेल का? वर्षाच्या मध्यात किती मुलं येतात-जातात? वाचनात मागे पडलेल्या तिसरीच्या मुलाला काय मिळतं?

'अ'च्या सेक्रेटरी अगदी सौजन्याने बोलल्या. त्यांच्याकडे ईएसएल (घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठीचं इंग्रजी) शिकवणारी शिक्षिका दोन शाळांमध्ये वाटून होती, आठवड्यातले अडीच दिवस 'अ'मध्ये. तशी गरज असलेली मुलंच तिथे थोडी. शाळा पाहायची तर ऑगस्टच्या ओरिएंटेशनला, नाव नोंदवल्यावर. 'क'मध्ये दोन पूर्णवेळ ईएसएल शिक्षिका होत्या, आणि त्यातल्या एकीने शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं दिली.

बाबा आणि मी जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे गेलो. शाळा सुटायची वेळ होती. किंडरगार्टनची मुलं भिंतीला पाठ लावून ओळीत बसली होती. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळ्या कागदाची कापलेली बस आणि त्यावर बसचा नंबर. एका मुलाची बस उलटी झाली होती. शिक्षिका बोलता बोलता वाकल्या, ती सुलटी केली, बोटाने नंबर गिरवून दाखवला आणि त्याच्याकडून 'फोर्टीन' म्हणवून घेतलं. मग पुढच्या मुलाकडे. बाबा हे फोनवर आईला दाखवत होते. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, पण ती जागी होती.

बसचा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. न्यू जर्सीत आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब राहत असेल तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते. अपार्टमेंट 'क'पासून दीड मैलाच्या पुढे होतं, म्हणजे नियमाने बस नाही. पण मधे मोठा हायवे ओलांडावा लागत असल्याने डिस्ट्रिक्टने तिथे बस चालू ठेवली होती आणि ती कॉम्प्लेक्सच्या फाटकाशीच थांबायची. टाउनहाऊस 'अ'पासून मैलभरही नव्हतं. बस नाही, आणि अर्ध्या रस्त्याला फुटपाथ नाही. बाबा सकाळी साडेसहाच्या गाडीला, आईकडे परवाना नाही. जानेवारीच्या बर्फात दोन मुलांना घेऊन त्या रस्त्याच्या कडेने ती कशी जाणार होती? रेटिंगवर रात्रंदिवस चर्चा झाली होती, आणि हा प्रश्न आठव्या दिवशी निघाला.

नवव्या दिवशी बाबांनी टाउनहाऊसच्या मालकाला नाही कळवलं आणि टू बेडरूमचं एका वर्षाचं लीज केलं. आईचं मन पूर्ण वळलेलं नव्हतं. तिने अट घातली: वर्षाने पुन्हा विचार करायचा. ही अट मला योग्य वाटली.

तिसरा निर्णय : एक फॉर्म

जुलैत नावनोंदणीचे कागद आले. जन्मदाखले, लसीकरण, लीज, विजेचं बिल, आणि घरच्या भाषेची माहिती विचारणारा एक फॉर्म. घरी कोणती भाषा बोलता? मूल पहिल्यांदा कोणती बोलायला शिकलं?

कॉम्प्लेक्समधल्या दोन-तीन जणींनी आईला सांगितलं, सरळ 'इंग्लिश' लिहा, नाहीतर मुलांवर ईएसएलचा शिक्का बसतो आणि ती मागे पडतात. ही भीती आपल्या लोकांत सर्रास दिसते. तिच्यापोटी किती मुलांची हक्काची मदत जाते हे मी वर्गात पाहिलं आहे, आणि ते पाहून जीव तुटतो. पाच वर्षांचं मूल कोपऱ्यात गप्प बसून राहतं आणि शिक्षिकेला कळत नाही की त्याला समजत नाहीये की ते लाजतंय.

मी आईला जे खरं ते सांगितलं. फॉर्मवर 'मराठी' लिहिलं म्हणून मूल आपोआप ईएसएलमध्ये जात नाही, आधी चाचणी होते. चाचणीत पात्र ठरलं तरी पालक ती मदत नाकारू शकतात. आणि ही मदत म्हणजे शाळेची मेहेरबानी नव्हे. १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूने निकाल दिला: भाषा न कळणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवणं म्हणजे शिक्षणाची समान संधी नव्हे.

तिने दोन्ही फॉर्मवर 'मराठी' लिहिलं. थोरली चाचणीत सहज निघाली, तिला मदतीची गरज नव्हती. धाकटा पात्र ठरला. आईला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

काय झालं

धाकट्याला रोज अर्धा तास ईएसएल मिळू लागलं. पहिले सहा आठवडे तो शाळेत जवळजवळ बोललाच नाही. मग नोव्हेंबरच्या एका सकाळी आई त्याला जाकीट घालायला गेली, तर त्याने ते हातातून ओढून घेतलं. जमिनीवर पसरलं, गळ्याची बाजू आपल्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घातले आणि झपकन डोक्यावरून मागे टाकलं. जाकीट अंगात! प्रत्येक कृतीबरोबर शब्द: 'फ्लोअर', 'स्लीव्ह', 'ओव्हर', 'झिपर'. उष्ण देशांतून आलेल्या मुलांना ईएसएलच्या खोलीत हे करून दाखवत दाखवत शब्द शिकवतात. आईने त्याचा व्हिडिओ मला पाठवला. मी तो तीनदा पाहिला.

पहिलीच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याला इंग्रजीच्या वार्षिक चाचणीत ४.५ च्या वर गुण मिळाले. न्यू जर्सीत ईएसएलमधून बाहेर पडायला तेव्हा ४.५ लागायचे. घरी तो अजून मराठीच बोलतो.

थोरलीचं चित्र इतकं सरळ नाही. २०२३ च्या एनजेएसएलएमध्ये तिला गणितात ७६८ मिळाले, वाचन-लेखनात ७४१, म्हणजे अपेक्षित पातळीच्या थोडं खाली. राज्यातही त्या काळात घसरण होती: २०१९ मध्ये भाषेच्या परीक्षेत सुमारे ५८ टक्के मुलं पातळीला पोचली होती, २०२२ मध्ये सुमारे ४९ टक्के. पण आईबापांना राज्याच्या सरासरीचा काय दिलासा? शाळेने तिला आठवड्यातून तीनदा छोट्या गटात वाचनाला घेतलं. चौथीत ती ७५७ वर आली. 'अ'मध्ये असती तर पहिल्याच वर्षी पोचली असती का, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

तिला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. पहिल्या वर्षी तिच्या तीन मैत्रिणी झाल्या, आणि एप्रिलपर्यंत त्यातल्या दोघी गाव सोडून गेल्या. एकीच्या वडिलांची बदली झाली, दुसरीच्या घराचं भाडं वाढलं. अपार्टमेंटांच्या शाळेत हे घडत राहतं. मुलं येतात-जातात हे आम्ही फोनवर विचारलं होतं, पण ते मुलीच्या मैत्रिणींच्या रूपात समोर येईल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती आठवडाभर शाळेतून आल्यावर बोलत नव्हती.

'क'मध्ये बुद्धिबळाचा वर्ग नव्हता. आईने, एका तेलुगू आणि एका गुजराती आईला बरोबर घेऊन, पीटीएच्या मदतीने दर शुक्रवारी तो सुरू केला. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्हाला कोणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. शिक्षण मंडळाच्या बैठकीत झोनच्या सीमा बदलायचा प्रस्ताव आला. 'अ' शाळेजवळ नवी घरं झाली होती आणि इमारतीत जागा उरली नव्हती. सभागृह खच्चून भरलं होतं. पालक एकामागून एक माइकपाशी येत होते. कोणी म्हणत होतं, याच शाळेसाठी आम्ही घराला इतके पैसे मोजले. सप्टेंबर २०२३ पासून जी घरं 'ब'मध्ये गेली, त्यात ते टाउनहाऊसचं कॉम्प्लेक्स होतं. हे कुटुंब तिथे राहायला गेलं असतं, तर ८५० डॉलर महिना जास्त भरून त्यांना 'अ'चं एकच वर्ष मिळालं असतं, आणि मग मुलांची शाळा बदलली असती.

वर्ष संपल्यावर ठरल्याप्रमाणे पुन्हा विचार झाला. या वेळी आईनेच 'क'मध्ये राहायचं म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

सीमाबदल अचानक झाला नव्हता. 'अ'मध्ये मुलं जास्त झाल्याची चर्चा मंडळाच्या इतिवृत्तात २०२१ पासून होती. ती इतिवृत्तं डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात. मी इथे इतकी वर्षं राहूनही ती त्या वेळी उघडली नाहीत. निवड ठीक ठरली ती या बाबतीत नशिबाने, माझ्या सल्ल्यामुळे नाही. आई-बाबांना मी तसं सांगितलं आहे.

दुसरी चूक वर्गातल्या मुलांच्या संख्येची. मी बाबांना म्हटलं होतं, एकाच डिस्ट्रिक्टमध्ये त्यात फार फरक नसतो. धाकट्याच्या वर्गात २४ मुलं निघाली, 'अ'मध्ये त्या वर्षी २०. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ दरम्यान किंडरगार्टन ते तिसरीच्या हजारो मुलांवर मोठा प्रयोग झाला होता. त्यात १३ ते १७ च्या वर्गांतली मुलं २२ ते २५ च्या वर्गांतल्या मुलांपेक्षा चांगली शिकली. म्हणजे लहान इयत्तांत हा प्रश्न आधी विचारायचा. चोवीसचा वर्ग झाला तर मदतनीस मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारायचं. 'क'ला ती मदतनीस ऑक्टोबरमध्ये मिळाली, तीही पालकांनी पत्र लिहिल्यावर.

गैरहजेरीच्या आकड्याकडेही मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं. त्यातले १० टक्के, म्हणजे १८ दिवस चुकले की मूल 'सततचं गैरहजर' धरलं जातं. 'क'चा हा आकडा 'अ'पेक्षा वाईट होता आणि आईला त्याची धास्ती वाटली होती. पण 'क'मध्ये अशी बरीच मुलं आहेत जी डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जातात. आजीच्या घरी गेलेलं मूल आणि घरच्या अडचणींमुळे शाळा बुडवणारं मूल त्या आकड्यात एकाच रकान्यात येतात. शाळेला फोन करून हे विचारता आलं असतं.

आणि मैत्रिणींबद्दल. आता मी थोरल्या मुलांच्या पालकांना विचारते, की वर्गातली किती मुलं गेली दोन वर्षं इथेच आहेत? ऑफिसला नेमका आकडा देता येत नाही, पण वर्गशिक्षिकेला अंदाज असतो.

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेलं एक कुटुंब माझ्याकडे बसलं होतं. फोनवर तोच नकाशा, तेच ठिपके. मी आधी मंडळाच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं उघडली आणि आम्ही तिघांनी मिळून त्यात 'सीमा' आणि 'जागा' हे शब्द शोधायला सुरुवात केली. सहाव्या पानावर 'ब' शाळेचं नाव सापडलं.